मरे यांचा वृत्तांत आणि औषधसातत्याचा प्रश्न

जॉर्ज मरे यांनी १९२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून मांडलेला वृत्तांत मिक्सिडीमाच्या एकाच रुग्णेचा आहे. १८९१ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, तिला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क देण्यास प्रारंभ झाला. ती १९१९ पर्यंत जगली. अर्क रोग समूळ घालवत नाही, उणीव भरून काढतो, हे या दीर्घ कालपटामुळे अधोरेखित होते. मात्र एका यशस्वी उपचाराच्या कथनातून औषध सोडण्याच्या मोहाचा उलगडा होत नाही. रक्तातील लिव्होथायरॉक्सिन निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी थांबवल्यावर प्रारंभी काहीच बिघडले नाही असे भासते. थकवा, मंद नाडी, खिन्नता नंतर प्रकटतात. बरे वाटणे हे औषधाचे फलित असते, त्याच्या अनावश्यकतेचा पुरावा नव्हे.