अन्न, आज्ञा आणि आरसा : 'नर्व्हस कंडिशन्स' या कादंबरीतील कुटुंबसंबंध, स्वप्रतिमा आणि आहारविकार

सारांश : झिम्बाब्वेच्या लेखिका त्सित्सी डँगारेम्बगा यांच्या 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८) या कादंबरीतील न्याशा या किशोरवयीन मुलीच्या आहारविकाराचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे. हा विकार केवळ वसाहतवादाचे रूपक मानणे अथवा केवळ वडिलांच्या हुकूमशाहीचा परिणाम मानणे, ही दोन्ही वाचने अपुरी आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : आहारविकार, स्वप्रतिमा, कुटुंबसंस्था, पितृसत्ता, वसाहतवाद.

प्रास्ताविक

१९५९ साली जन्मलेल्या डँगारेम्बगा यांनी केंब्रिज येथे वैद्यकाचे व पुढे झिम्बाब्वे विद्यापीठात मानसशास्त्राचे शिक्षण घेतले. 'नर्व्हस कंडिशन्स' ही त्यांची पहिली कादंबरी लंडनमधून प्रसिद्ध झाली आणि १९८९ साली तिला आफ्रिका विभागाचे राष्ट्रकुल लेखक पारितोषिक मिळाले. फ्रान्त्झ फॅनन यांच्या १९६१ मधील ग्रंथाला झाँ-पॉल सार्त्र यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेतून कादंबरीचे शीर्षक घेतले आहे. पारतंत्र्यातील माणसाची अवस्था ही एक मज्जाविकृती असते, असा त्या विधानाचा आशय आहे.

कादंबरीचा काळ १९६० नंतरच्या दशकाचा उत्तरार्ध व त्यापुढील काही वर्षांचा आहे. त्या वेळी देशाचे नाव ऱ्होडेशिया होते व सत्ता अल्पसंख्य गोऱ्यांच्या हाती होती. तांबुद्झाई ऊर्फ तांबू ही खेड्यातील मुलगी निवेदिका आहे. थोरल्या भावाच्या मृत्यूमुळे रिकामी झालेली शिक्षणाची जागा तिला मिळते आणि ती उमताली येथील मिशनमध्ये काकांच्या घरी राहावयास जाते. काका बाबामुकुरू हे मिशन शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची मुलगी न्याशा ही तांबूची चुलत बहीण. बालपणीची पाच वर्षे इंग्लंडमध्ये काढून ती परतली आहे. याच न्याशाचे खाणे हळूहळू बिघडत जाते.

वैद्यकीय विचाराची पार्श्वभूमी

अन्न नाकारणाऱ्या मुलींच्या आजाराची आधुनिक वर्णने १८७३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम गल व फ्रान्समध्ये शार्ल लासेग यांनी केली. कुटुंबाचा प्रश्न तेव्हापासूनच या आजाराला चिकटलेला आहे. नातेवाइकांकडून अशा रुग्णाची शुश्रूषा नीट होत नाही, असे गल यांचे मत होते, तर घरातील आर्जवे व धमक्या आजाराला कसे खतपाणी घालतात हे लासेग यांनी टिपले. पुढे हिल्डे ब्रूख यांनी १९७८ च्या 'द गोल्डन केज' या ग्रंथात आज्ञाधारक मुलीला स्वतःचे असे काही उरत नाही आणि शरीरावरील नियंत्रण हाच तिच्या स्वत्वाचा शेवटचा आधार बनतो, अशी मांडणी केली. त्याच वर्षी साल्व्हादोर मिनूचिन व सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांची लक्षणे सांगितली : परस्परांत अतिरेकी गुंतणे, अतिसंरक्षण, ताठरपणा आणि संघर्ष मिटविण्याची असमर्थता. खाऊन मुद्दाम ओकण्याच्या विकाराला 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली दिले. म्हणजे न्याशाला जे होत होते त्याचे नाव कथेच्या काळात वैद्यकशास्त्रातही रूढ नव्हते.

त्यानंतर हा विचार बराच बदलला आहे. आनुवंशिकतेचा वाटा अधिक स्पष्ट झाला असून कुटुंबाला एकमेव वा मूळ कारण ठरविणे तज्ज्ञांनी सोडून दिले आहे. किशोरवयीन रुग्णांच्या उपचारात आई-वडिलांना दोषी न धरता सहभागी करून घेण्याची पद्धती मान्यता पावली आहे. कादंबरीचे आजचे वाचन या बदलाचे भान ठेवूनच व्हावयास हवे.

जेवणाचे टेबल : सत्तेची जागा

बाबामुकुरूंच्या घरातील जेवण हा एक विधी आहे. प्रथम वाढले जाते ते त्यांना. माइगुरू, म्हणजे त्यांची पत्नी, पतीच्या पानाकडे लक्ष ठेवून असते. न्याशा हा क्रम मोडते. आईने डी. एच. लॉरेन्स यांची कादंबरी काढून घेतल्यावर ती ताटावरून उठते, तेव्हा वडिलांना त्यात उद्धटपणाखेरीज काही दिसत नाही. संघर्षाचा विषय पुस्तक असतो, परंतु तो लढला जातो अन्नावर.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बाबामुकुरू हे क्रूर खलपुरुष नाहीत. साऱ्या कुळाचे पोट ते भरतात. पुतण्याचे, पुतणीचे शिक्षण, भावाचा संसार, सणाचे मांस हे सर्व त्यांच्या मिळकतीतून येते. त्यांच्या दृष्टीने अन्न देणे हे प्रेम आहे आणि अन्न नाकारणे ही कृतघ्नता आहे. म्हणूनच मुलगी जेवत नाही हे त्यांना आजारपण वाटत नाही, बंड वाटते. ते तिला समोर बसवून ताट संपवावयास लावतात. ती घाईघाईने सारे संपविते आणि न्हाणीघरात जाऊन ओकते. आज्ञा पाळली गेली, पण ती शरीराने परत केली. आज्ञापालन व नकार ही दोन्ही एकाच कृतीत सामावणे, हे या आजाराचे मर्म लेखिकेने कोणत्याही परिभाषेविना पकडले आहे.

त्याआधी नृत्याच्या कार्यक्रमाहून उशिरा परतलेल्या न्याशावर वडील चारित्र्याचा आरोप करून हात उगारतात आणि तीही उलट हात उचलते. या प्रसंगानंतर उघड प्रतिकाराची वाट बंद होते. जो राग वडिलांवर काढता येत नाही, तो ती स्वतःच्या देहावर काढते.

स्वप्रतिमा : दोन आरशांमधील मुलगी

न्याशाला सडपातळपणा आवडतो. गोलाईपेक्षा हाडांचा रेखीवपणा तिला अधिक पसंत आहे. तांबूच्या खेड्यात मात्र भरलेले शरीर हे आरोग्याचे व सुबत्तेचे लक्षण आहे. एवढ्यावरून न्याशाचा आजार ही पाश्चात्त्य फॅशनची लागण आहे असे म्हणणे सोपे आहे, पण कादंबरी तेवढ्यावर थांबत नाही. इंग्लंडहून परतलेल्या न्याशाची मातृभाषा शोना मागे पडली आहे. शाळेतील मुली तिच्या इंग्रजी उच्चारांची टिंगल करतात, आणि घरात तिने आदर्श आफ्रिकी मुलगी व्हावे अशी अपेक्षा आहे. ज्या आई-वडिलांनी तिला परक्या देशात वाढविले, तेच तिच्या परकेपणाबद्दल तिला शिक्षा करतात. कोणत्याही आरशात तिला स्वतःचा चेहरा नीट दिसत नाही.

कोसळण्याच्या रात्री ती इतिहासाचे पुस्तक दातांनी फाडते आणि आरसे फोडते. स्वतःच्या हातांनी घडविलेली मातीची भांडीही तिच्या तावडीतून सुटत नाहीत. तोंडात गेलेले शेवटचे 'अन्न' पाठ्यपुस्तकातील इतिहास आहे. त्याच अवस्थेत ती आई-वडिलांना दोषमुक्त करते. त्यांचीही हीच गत केली गेली, असे तिला कळते. कुटुंब हे कारण आहे, पण ते स्वतःच एका मोठ्या रचनेचा परिणाम आहे, ही जाणीव कुटुंबचिकित्सेच्या त्या काळातील सिद्धान्तांपेक्षा पुढची आहे.

इतर स्त्रिया, इतर शरीरे

न्याशाचा आजार एकाकी नाही, हे या कादंबरीच्या रचनेचे बलस्थान आहे. तांबू लहानपणी स्वतः मका पिकवून शाळेची फी उभी करू पाहते, आणि भाऊ तिची कणसे चोरतो. मुलीने पिकविलेल्या अन्नावरही मुलाचा हक्क, हे सूत्र तेथूनच सुरू होते. नाताळच्या दिवसांत खेड्यातील घरी माइगुरू साऱ्या गोतावळ्यासाठी राबते. मांस खराब होऊ लागते तेव्हा चांगले मांस घरातील कर्त्या पुरुषांसाठी राखले जाते. माइगुरूकडे पदव्युत्तर पदवी आहे, परंतु तिच्या पगारावर तिचा अधिकार नाही. ती घर सोडून जाते आणि पाच दिवसांत परत येते.

तांबूची आई लेकीच्या कॉन्व्हेंटला जाण्याच्या वार्तेने खाणेपिणे सोडते. तिला बरे करते ती बहीण लुसिया : नदीवर नेऊन अंघोळ घालते, मांस व दूध खाऊ घालते. बाबामुकुरूंनी आई-वडिलांचे ख्रिस्ती लग्न लावण्याचा घाट घातल्यावर खुद्द तांबूलाही त्या सकाळी अंथरुणातून उठवत नाही. अशा रीतीने निरक्षर आई, पदवीधर काकू, आज्ञाधारक पुतणी व बंडखोर लेक या चौघींचा नकार प्रथम देहातून व्यक्त होतो. फरक इतकाच की आईच्या वेदनेवर बहिणीची माया व ओळखीचा उपाय उपलब्ध आहे. न्याशाच्या वेदनेसाठी तिच्या घराकडे शब्दही नाही.

'बाबामुकुरू' व 'माइगुरू' ही विशेषनामे नसून नात्याची नावे आहेत, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. माणूस नात्यानेच ओळखला जाणे ही आपल्या एकत्र कुटुंबातीलही रीत आहे. या रीतीत आधार आहे, तसेच नात्याबाहेर 'मी' उरू न देण्याचा धोकाही आहे. न्याशाला घरात सर्वजण नावाने हाक मारतात, आणि तिचाच 'मी' सर्वांना जड होतो.

रूपक की आजार?

न्याशाला सॅलिसबरी येथे ज्या गोऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले जाते, तो आफ्रिकी लोकांना असा आजार होत नाही, असे सांगून तिला घरी नेऊन कडक शिस्त लावण्याचा सल्ला देतो. पुढे एक कृष्णवर्णीय तज्ज्ञ सापडतो व तिला रुग्णालयात विश्रांती मिळते. या प्रसंगाचा समीक्षेनेही विचार करावयास हवा. न्याशाच्या ओकाऱ्या म्हणजे वसाहतवादी शिक्षणाचे वमन, हे रूपक प्रभावी आहे व संहितेत त्याला आधारही आहे. मात्र रूपकाचा मोह अनावर झाला की वजन घटत चाललेली, मृत्यूच्या जवळ पोहोचलेली मुलगी नजरेआड होते. तिला केवळ प्रतीक मानणारा समीक्षक नकळत त्या डॉक्टरच्याच पंक्तीला बसतो, कारण हा आजार खरा नाही असेच दोघेही म्हणत असतात.

मर्यादा

न्याशाचे अंतरंग सर्वस्वी तांबूच्या नजरेतून दिसते, आणि तांबू त्या काळात कॉन्व्हेंटमधील स्वतःच्या उत्कर्षात गुंतलेली असते. परिणामी आजाराचा अखेरचा टप्पा काहीसा घाईने उरकलेला वाटतो. न्याशाचा भाऊ चिडो याचे चित्रणही त्रोटक आहे. एकाच घरात, एकाच प्रवासातून आलेला मुलगा का तगला, या प्रश्नाचे उत्तर वाचकाला स्वतः जुळवावे लागते. तथापि निवेदिकेची ही अर्धवट नजरच कादंबरीच्या अपराधभावाचा गाभा आहे, हेही मान्य करावे लागते.

समारोप

१. कुटुंब हे न्याशाच्या आजाराचे कारण म्हणण्यापेक्षा ते त्याचे रणक्षेत्र आहे. प्रेम, उपकार व अधिकार यांची तेथे अन्नाच्या रूपाने गल्लत होते.

२. स्वप्रतिमेचा प्रश्न केवळ सौंदर्यकल्पनेचा नसून भाषा, शिक्षण व लिंगभाव यांच्याशी निगडित आहे.

३. आजाराचा राजकीय अर्थ शोधताना त्याची शारीरिक वास्तवता विसरणे हा समीक्षेचा दोष ठरतो.

२०१८ च्या 'धिस मोर्नेबल बॉडी' या कादंबरीत न्याशा प्रौढ, विवाहित व दोन मुलांची आई म्हणून पुन्हा भेटते. पहिल्या कादंबरीने तिचा शेवट सांगितला नव्हता आणि जगण्याची शक्यता खुली ठेवली होती. वर्गात रोज दिसणारी, उत्तम गुण मिळविणारी, डबा न उघडणारी विद्यार्थिनी ही 'शहाणी मुलगी' म्हणून नजरेतून सहज सुटते. न्याशाही अभ्यासात हुशारच होती. या कादंबरीचे अध्यापन करणाऱ्याला ही गोष्ट दृष्टीआड करता येणार नाही.