भयानक रस आणि एक इटालियन चित्रपट

भुताखेतांच्या चित्रपटांविषयीं सुशिक्षित घरांत एक ठराविक मत आढळतें : मुलांनीं ते पाहूं नयेत, आणि मोठ्यांनीं पाहिले तरी त्यांविषयीं बोलूं नये. अशा पुष्कळ चित्रपटांच्या बाबतींत हें मत वाजवी आहे, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु भरतमुनींनीं आठ रसांत भयानकास स्थान दिलें, त्याअर्थीं भीति कलेस वर्ज्य नाहीं. तिला कलेचें रूप आलें कीं नाहीं, एवढाच प्रश्न उरतो. मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाचा १९६० सालचा ‘ला मास्केरा देल देमोनिओ’, म्हणजे ‘सैतानाचा मुखवटा’, हा चित्रपट या प्रश्नाच्या विचारास फार उपयोगी आहे.

त्याची कथा गोगोलच्या ‘विय’ या गोष्टीवरून घेतलेली आहे, पण मूळ गोष्टीचा अंश तींत थोडाच उरला आहे. सतराव्या शतकांत मोल्डाव्हियांतील आसा नांवाच्या राजकन्येस चेटकीण ठरवून, आंतून खिळे असलेला मुखवटा घणानें तिच्या तोंडावर ठोकण्यांत येतो. दोन शतकांनंतर दोन प्रवासी वैद्य तिच्या थडग्यापाशीं येतात. थोरल्याच्या हातास कांच लागून रक्त प्रेतावर ठिबकतें, आणि ती जागी होऊं लागते. तिच्याच वंशांतील कात्या या तरुणीचें जीवन तिला हवें असतें. या दोन्ही भूमिका बार्बरा स्टील या एकाच नटीनें केल्या आहेत.

कथेंत फारसा जीव नाहीं, हें यावरून दिसेलच. धाकट्या वैद्याचें कात्येवरील प्रेम इतक्या घाईनें जमतें कीं तें खरें वाटत नाहीं. संवादही पुष्कळदां लांकडी आहेत. असें असतां हा चित्रपट मनांतून जात नाहीं, याचें कारण काय ?

बाव्हा हा मूळचा छायालेखक. त्याचे वडीलही त्याच व्यवसायांतले. या चित्रपटाचें दिग्दर्शन त्यानें केलें, तसें छायालेखनही केलें. म्हणून येथें गोष्ट सांगण्याचें काम पात्रांपेक्षां उजेड आणि काळोखच अधिक करतात. सरायवाल्याची लहान मुलगी रात्रीं गाय दोहावयास जाते, एवढा साधा प्रसंग. पण तिच्याभोंवतीं काळोख असा दाटलेला आहे कीं कांहीं घडण्यापूर्वींच आपला श्वास रोखला जातो. थोरल्या वैद्यास नेणारी घोडागाडी धुक्यांतून संथ, निःशब्द धांवते. तिच्या चाकांचा आवाज येत नाहीं, आणि तो येत नाहीं हेंच भय.

त्याची आणखी एक युक्ति सांगण्याजोगी आहे. नटीच्या तोंडावर रंगीत रेषा काढावयाच्या आणि त्याच रंगाचा प्रकाश टाकावयाचा. कृष्णधवल चित्रांत त्या दिसत नाहींत. प्रकाशाचा रंग बदलला कीं सुरकुत्या उमटतात, आणि तरुण मुख आपल्या डोळ्यांदेखत जरठ होतें.

या युक्तींतच चित्रपटाचें मर्म आहे, असें आम्हांस वाटतें. क्रौर्य आणि निष्पापपणा यांस येथें एकच मुख दिलें आहे, आणि तें सुंदर आहे. शेवटीं धाकटा वैद्य भलतीलाच चेटकीण समजून तिचा घात करावयास निघतो. गळ्यांतला क्रूस दिसतो म्हणून कात्या वांचते. दुसरीचा झगा दूर होतांच आंत हाडांचा सांपळा दिसतो. सारा वेळ आमच्या डोळ्यांस भुलविणारा हा चित्रपट डोळ्यांवर विसंबूं नका असें बजावतो, आणि आम्हीही त्या वैद्याइतकेच फसलों होतों हें आमच्या ध्यानीं येतें.

दोष आहेत. मुखवट्याचे खिळे, प्रेताच्या खोबणींतून सरपटणारे जीव, अशा ठिकाणीं भयाची जागा जुगुप्सा घेते आणि भयानक रस बीभत्साकडे झुकतो. ब्रिटनमध्यें १९६८ पर्यंत या चित्रपटास परवानगी मिळाली नाहीं, याचें नवल वाटावयास नको. लहान मुलांस तो दाखवूं नये, हें घरोघरचें मतही येथें योग्यच आहे.

पण मोठ्यांनीं तो पहावा, आणि पाहिल्यावर त्याविषयीं अवश्य बोलावें. किळस पडद्यावरच राहते. सुंदर दिसणाऱ्याविषयींचा संशय मात्र आपल्याबरोबर घरीं येतो, आणि तो येणें आम्हांस हितकारकच वाटतें.