अवशेष कोणाला म्हणायचे?
औद्योगिक पुरातत्त्व आणि पालीचा परिसर

रायगड जिल्ह्यातील पालीला शाळेची सहल गेली की तिचा क्रम ठरलेला असतो. बल्लाळेश्वराचे दर्शन, सरसगडाची चढण, उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे, आणि वेळ उरलाच तर सुधागड किंवा ठाणाळ्याची लेणी. सहलीचा अहवाल लिहिताना विद्यार्थी दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आणि काही शतकांपूर्वीचा गड यांविषयी चार ओळी लिहू शकतो. पण त्याच्या पणजोबांच्या काळात या खोऱ्यातील माणसे कशावर जगत होती, कोणते जिन्नस तयार करीत होती, ते कोठे विकले जात होते, असे विचारले तर त्याची वही कोरी राहते. आमच्या मते हा दोष विद्यार्थ्याचा नाही. कोणत्या गोष्टीला ‘अवशेष’ म्हणायचे याविषयी आपण मोठ्यांनीच करून ठेवलेल्या समजुतीचा तो परिणाम आहे.

बल्लाळेश्वराच्या देवळातील मोठी घंटाच पाहू. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी ती देवाला अर्पण केली असे सांगितले जाते. विजयाची खूण म्हणून तिचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण ही घंटा ओतीव कामाचा नमुनाही आहे. अशा घंटांच्या मिश्रधातूत साधारणपणे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. कथील कमी पडले तर नाद बसका येतो, जास्त झाले तर घंटा ठिसूळ होते. ती कोणी ओतली, साचा कसला होता, एवढे वजन एकसंध कसे थंड केले, हे प्रश्न त्याच घंटेखाली उभे राहून विचारता येतात. म्हणजे वस्तू तीच असते, प्रश्न बदलला की तिचा इतिहास बदलतो. औद्योगिक पुरातत्त्व या विषयाचे बीज एवढेच आहे.

विषयाचा जन्म

‘औद्योगिक पुरातत्त्व’ हा शब्दप्रयोग इंग्लंडमध्ये मायकेल रिक्स यांच्या १९५५ मधील लेखामुळे रूढ झाला. जुने कारखाने, कालवे, पूल, लोहमार्ग, खाणी यांचाही प्राचीन अवशेषांप्रमाणे अभ्यास व्हावा, अशी ती मागणी होती. पुढे १९६१-६२ मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य कमान लोकांचा विरोध डावलून पाडण्यात आली, तेव्हा या मागणीला जोर चढला. १९६७ मध्ये आयर्नब्रिजच्या खोऱ्यात, १७७९ च्या प्रसिद्ध ओतीव लोखंडी पुलाभोवती, संग्रहालय उभारण्यासाठी संस्था स्थापन झाली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की या चळवळीचा पाया विद्यापीठातील पंडितांपेक्षा सायंवर्गांचे विद्यार्थी, निवृत्त कामगार, शिक्षक आणि हौशी मंडळींनी घातला. मोजपट्टी, वही आणि कॅमेरा एवढ्या साधनांवर त्यांनी शेकडो स्थळांच्या नोंदी केल्या.

या कामाचे मोल मान्य करूनही त्यातील एक उणीव सांगितली पाहिजे. यंत्राच्या प्रेमात पडलेला अभ्यासक यंत्र चालविणाऱ्या माणसाला सहज विसरतो. बाष्पयंत्राच्या दट्ट्याचा व्यास त्याच्या वहीत असतो, पण भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला दिवसाकाठी काय मिळत होते, हे नसते. ही उणीव आपल्याकडे अधिक ठळक दिसते, कारण आपण परदेशातील पद्धत उचलताना तिच्यातील यंत्रपूजा आधी उचलतो.

खोपोलीचे पाणी

पालीपासून सुमारे ४० किलोमीटरवर खोपोली आहे. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवून ते नळांतून घाटाखाली सोडायचे आणि त्यावर वीज निर्माण करून मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, ही योजना जमशेटजी टाटांच्या हयातीत आखली गेली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज सुरू झाली. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे आली.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून येते. घर्षण सोडून दिले तर तळाशी फवाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी पडले तर सुमारे ५ मेगावॅट शक्ती उपलब्ध होते. पाणी थोडे आणि उंची फार, म्हणून येथे पेल्टन जातीचे चक्र वापरतात. नववीच्या वर्गात हे गणित फळ्यावर सोडवता येते आणि डोंगरावरून उतरणारे नळ रस्त्यावरूनच दाखवता येतात.

पण गणित सुटले म्हणजे इतिहास कळला असे नाही. या वीजकेंद्रांची कथा बहुधा द्रष्टा उद्योगपती, धाडसी अभियंते आणि गव्हर्नरांच्या हस्ते झालेले उद्घाटन या क्रमाने सांगितली जाते. ती खोटी नाही, अपुरी आहे. भिऱ्याला पाणी पुरविण्यासाठी मुळशीला धरण बांधले जात असताना १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट हे त्याचे नेते. सुमारे ५० गावांच्या भातजमिनींचा प्रश्न होता. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि जमिनी पाण्याखाली गेल्या. राजेंद्र व्होरा यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात त्याची साद्यंत मीमांसा आहे. भिऱ्याचे जनित्र आणि मुळशीचे बुडालेले शेत हे एकाच यंत्राचे दोन भाग आहेत. त्यातील एकाचीच नोंद करणारे पुरातत्त्व आम्ही शास्त्रीय मानणार नाही, कारण निरीक्षणातील निम्मी माहिती गाळून काढलेला निष्कर्ष विज्ञानात ग्राह्य धरला जात नाही.

या उद्योगाचा तिसरा अवशेष तर इमारत किंवा यंत्र नव्हेच. चक्रे फिरवून झाल्यावर खोपोलीचे पाणी पाताळगंगेत आणि भिऱ्याचे कुंडलिकेत जाते. कोकणातील नद्या एरवी उन्हाळ्यात आटतात. या दोन मात्र वाहत्या राहिल्या आणि पुढे त्यांच्या काठी पाताळगंगा व रोह्याजवळ धाटाव या औद्योगिक वसाहती आल्या. पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी पश्चिमेकडे वळले. मे महिन्यातील वाहती नदी हा येथे औद्योगिक अवशेष आहे. पालीच्या विद्यार्थ्यांनी आपली अंबा आणि उत्तर-दक्षिणेच्या या दोन नद्या एकाच आठवड्यात पाहून तुलना केली, तर ही गोष्ट त्यांना पुस्तकाविना कळेल.

विजेची आणखी एक खूण याच जिल्ह्यात आहे. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील भूचुंबकीय मापनात अडथळा येणार हे उघड होते. म्हणून ते काम १९०४ मध्ये बांधलेल्या अलिबागच्या वेधशाळेत हलविण्यात आले. विजेवरची ट्राम १९०७ मध्ये धावली आणि १९६४ मध्ये बंद झाली. ट्राम गेली, पण तिच्यामुळे हललेली वेधशाळा अलिबागेत आहे.

जिथे उभे आहात तिथे

माणसांना वगळणाऱ्या इतिहासावर सर्वांत थेट टीका केली ती स्वीडिश लेखक स्वेन लिंडक्विस्ट यांनी. ‘जिथे उभे आहात तिथे खणा’ अशा अर्थाचे नाव असलेले त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये निघाले. त्याचे इंग्रजी भाषांतर यायला २०२३ साल उजाडले. सिमेंट उद्योगाचे उदाहरण घेऊन त्यांनी असे मांडले, की कंपन्यांचे इतिहास मालकांच्या बाजूने लिहिलेले असतात. प्रत्यक्ष काम करणारा माणूस आपल्या कामाचा तज्ज्ञ असतो, तेव्हा त्याने स्वतःच आपल्या कारखान्याचा इतिहास शोधावा. कागदपत्रे कोठे पाहावीत, नकाशे कसे वाचावेत, कोणाला काय विचारावे, याचे ते व्यवहारी मार्गदर्शन आहे. त्यातून तेथे कामगारांची अभ्यासमंडळे निघाली. आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मुंबईच्या गिरणगावातील कामगारांच्या आठवणी संकलित करून २००४ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही याच जातीचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या. त्यांच्या जागी नवे मनोरे आले आणि कोठे कोठे शोभेसाठी एखादे धुराडे राखले गेले. धुराडे राखणे सोपे असते. त्याखाली घाम गाळणाऱ्याचे म्हणणे राखणे कठीण, आणि ते या ग्रंथाने केले.

लिंडक्विस्ट यांच्या पद्धतीचे आम्ही स्वागत करतो, पण ती जशीच्या तशी सुधागड तालुक्यात चालेल असे मानत नाही. तिचा आधार कागद आहे. स्वीडनमध्ये चर्चच्या नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या नीट ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे कागद एकतर विखुरलेले किंवा मुळातच नाहीत. पाली १९४८ पर्यंत भोर संस्थानात होती. संस्थान विलीन झाल्यावर ती कुलाबा जिल्ह्यात आली आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यामुळे १९४८ पूर्वीच्या कागदांसाठी भोरच्या दप्तराकडे आणि नंतरच्या कागदांसाठी अलिबागेकडे वळावे लागते. आणि ज्यांनी या जंगलात सर्वांत जुना धंदा केला, त्यांची नोंद दोन्हीकडे फारशी मिळायची नाही.

इमारत नसलेला उद्योग

कातकरी हे नावच धंद्यावरून पडलेले आहे. खैराच्या लाल गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, त्या मडक्यांत उकळायच्या, अर्क गाळून आटवायचा आणि थंड झाल्यावर त्याच्या वड्या पाडायच्या, असा हा कात. त्यात कॅटेचिन आणि टॅनिन ही द्रव्ये असतात. म्हणून कात केवळ विड्यापुरता नव्हता. कातडी कमावण्यासाठी आणि सुती जाळी कुजू नयेत म्हणूनही तो वापरीत. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलावरील निर्बंध वाढत गेले, कात पाडणे आक्रसले आणि अनेक कुटुंबे कोळशाच्या व पुढे विटांच्या भट्ट्यांवर उचल घेऊन जाऊ लागली.

कोळशाची भट्टी लावणे हे रसायनशास्त्राचे काम आहे. लाकूड रचून, पालापाचोळा आणि माती लिंपून, आत हवा बेताची जाईल असे पाहावे लागते. सुरुवातीचा दाट पांढरा धूर हा मुख्यतः वाफेचा असतो. धूर विरळ आणि निळसर झाला की लाकडाचा कोळसा होत आला असे समजतात. तापमापक नसताना केवळ धुरावरून हे ओळखणारी व्यक्ती लिंडक्विस्ट यांच्या अर्थाने तज्ज्ञ आहे. अशा भट्टीचे धुराडे नसते, भिंत नसते, पाटी नसते. मागे उरते ते जंगलातील सपाट वर्तुळ, भाजून लाल झालेली माती आणि कोळशाचे तुकडे. साध्या भिंगाखाली त्या तुकड्यात लाकडाच्या वाहिन्यांची छिद्रे दिसतात, आणि त्यांच्या मांडणीवरून झाडाची जात ओळखण्याचे शास्त्र आहे. कोणती झाडे जळाली हे त्यावरून सांगता येते. ती तोडायला कोण आणि का आले, हे मात्र माणसांनाच विचारावे लागेल.

आणि येथेच ‘लोकसहभाग’ या गोड शब्दाची परीक्षा आहे. वर्गात एखादा मुलगा कातकरी वाडीतून येत असेल, तर त्याची आजी म्हणजे इतरांनी टिपणे काढण्याचा नमुना, असे होता कामा नये. उचल, कर्ज, स्थलांतर या आठवणी सुखाच्या नसतात. काय सांगायचे, काय नाही, लिहिलेले कोणाला दाखवायचे, हे ठरविण्याचा अधिकार सांगणाऱ्याचा. वाडीतल्यांनी केवळ उत्तरे द्यावीत आणि प्रश्न मात्र शाळेने ठरवावेत, याला सहभाग म्हणता येणार नाही. आजींना धुराचा रंग विचारताना त्यांनी आपल्याला काय विचारावे, यासाठीही जागा ठेवली पाहिजे.

शाळेत काय करता येईल

खर्च फारसा नाही. गावाचा नकाशा घेऊन त्यावर भातगिरण्या, जुने रस्ते, पूल, विहिरींवरील पंप, भट्ट्यांच्या जागा मांडाव्यात. प्रत्येक जागेची मोजमापे, साहित्य, आजची अवस्था आणि माहिती कोणी दिली हे एका पानावर लिहावे. गावात वीज कोणत्या वर्षी आली, हा प्रश्न किमान पाच वृद्धांना वेगवेगळा विचारावा. उत्तरे जुळणार नाहीत, आणि खरा धडा तेथेच सुरू होतो. एखाद्याच्या लग्नाशी, पुराशी किंवा निवडणुकीशी सांगड घालून वर्ष कसे ठरवायचे, तोंडी साक्ष आणि खांबावरील किंवा यंत्रावरील तारीख यांचा मेळ कसा घालायचा, ही विज्ञानाचीच पद्धत आहे. चालू वीजकेंद्रात, नळांवर किंवा पडक्या इमारतीत मुलांना परवानगीवाचून नेऊ नये. वस्तू जागेवरून हलवू नयेत. नोंद पुरेशी असते. तयार झालेल्या नोंदीच्या तीन प्रती कराव्यात, एक सांगणाऱ्याच्या घरी, एक शाळेत आणि एक गावच्या वाचनालयात.

सरसगडाचा कातळ पुढच्या पिढीलाही दिसेल. भट्टीच्या धुरावरून कोळसा ओळखणाऱ्या, भातगिरणीचे पहिले इंजिन आले तो दिवस आठवणाऱ्या, संस्थानी अंमल लहानपणी पाहिलेल्या माणसांचे तसे नाही. त्यांची वये आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. तेव्हा गडाची सहल पुढच्या वर्षावर ढकलली तरी चालेल, या लोकांकडे मात्र याच सत्रात जायला हवे.