बक्षीस ठीक, पण कथेचं पुढे काय?

मराठीत कथा लिहिणाऱ्यांना आज स्पर्धांची वानवा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला एखादं तरी रंगीत पोस्टर फिरत येतं: भव्य कथास्पर्धा, शब्दमर्यादा अमुक, विषय ‘आई’ नाहीतर ‘पाऊस’, प्रवेशशुल्क तमुक, सर्व सहभागींना ई-प्रमाणपत्र. वानवा आहे ती उत्तराची. ‘शेवट घाईत उरकलाय’ एवढं एक वाक्य वाचून सांगणारं माणूस मिळणं मुश्कील झालंय. म्हणून कथास्पर्धेची किंमत बक्षिसाच्या रकमेवरून करू नये, असं मला वाटतं. दोनच गोष्टी पाहाव्यात. कथा लेखकाचं नाव झाकून वाचली जाते का? आणि निकालानंतर त्या कथेचं आणि लेखकाचं काय होतं?

पहिल्या प्रश्नाचं मराठीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण १९७४चं आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव तयार केलं होतं. तेव्हा ते जगभर नाव असलेले शास्त्रज्ञ होते, पद्मभूषणही मिळालेलं होतं. ते नाव पाहून परीक्षक बिचकतील, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. नाव झाकण्याची गरज इथे प्रसिद्ध माणसाला वाटली, ही यातली गंमत. अनोळखी लेखकाला तर ती शंभरपट असते. पण आजच्या बहुतेक पोस्टरांवर परीक्षकांचा फोटो असतो, वाचनाची पद्धत नसते.

नारळीकरांची गोष्ट बक्षिसावर संपली असती, तर ती फक्त किस्सा म्हणून उरली असती. पुढे त्यांच्या कथा मासिकांतून छापून येत राहिल्या, ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला आणि मराठी विज्ञानकथेला वाचक मिळाला. स्पर्धेने दार उघडलं, पण बसायला जागा मासिकांनी दिली. आज दारं पुष्कळ आहेत, आत खोल्याच नाहीत.

या खोल्या कशा होत्या, ते ‘सत्यकथा’च्या इतिहासात दिसतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांची लेखकांना लिहिलेली पत्रं आजही आठवली जातात. कथा परत यायची, सोबत कुठे काय अडतंय ते यायचं, लेखक पुन्हा लिहायचा. आमच्या कामात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. तुमचा कोड कोणी वाचलाच नाही आणि महिन्याने फक्त ‘निवड झाली नाही’ असा मेल आला, तर तुम्ही काय शिकणार? कथेच्या बाबतीत आपण हेच निमूट चालवून घेतो. बऱ्याचदा तो मेलही येत नाही.

पण ‘सत्यकथा’च्या आठवणीत फार रमायचंही कारण नाही. १९६९मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबतच्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथा’ची होळी केली. एका वर्तुळाची अभिरुची म्हणजेच साहित्य का, हा त्यांचा सवाल होता आणि तो खरा होता. या सवालातूनच अनियतकालिकांची चळवळ तापली. औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांना हक्काची जागा दिली. संपादक लेखक घडवतो, तसा तो दारही अडवतो. म्हणून नाव झाकून वाचणारी स्पर्धाही हवी आणि पत्र लिहिणारा संपादकही हवा. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद झाली. आज आपल्याकडे स्पर्धा आहेत, पण नाव झाकलेलं नसतं; संपादक आहेत, पण पत्र येत नाही.

उरले दिवाळी अंक. १९०९मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा आजही शेकडो अंकांनी चालू आहे आणि मराठी कथेचा खरा बाजार तोच. पण हा बाजार वर्षातून एकदाच भरतो. बऱ्याच अंकांत आधी निमंत्रितांची पानं भरतात. नव्या माणसाने कथा कधी, कुठे पाठवायची, किती शब्द, मानधन किती, हे सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाच्या साइटवर शब्दमर्यादा आणि दर शब्दाचं मानधन उघड लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथे एआयने लिहिलेल्या कथांचा पूर आला. संपादक नील क्लार्क यांनी काही आठवडे कथा घेणं थांबवलं आणि का थांबवलं तेही जाहीर सांगितलं. पैसा त्यांच्याकडे जास्त असेल, पण नियम लिहून ठेवायला पैसा लागत नाही.

आता कथा पाठवणाऱ्यांसाठी. निकाल लाइक्सवर असेल, तर ती कथास्पर्धा नाही, तुमच्या नातेवाइकांची मोजणी आहे. पोस्टरच्या तळाशी ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ अशी ओळ असेल, तर थांबा. प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम १९नुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. दोन हजारांच्या बक्षिसासाठी पाच वर्षं कथा अडकवायची का, हे सही करण्याआधी ठरवा. शुल्क घेणाऱ्यांना विचारा, की त्या पैशात कथेवर दोन ओळींचा अभिप्राय मिळेल का.

आयोजकांना आणि संपादकांनाही हेच सांगणं आहे. शंभर कथा आल्या, तर सगळ्यांना पत्र लिहिणं शक्य नाही, मान्य. शेवटच्या फेरीतल्या दहा जणांना तरी लिहा. प्रमाणपत्राची पीडीएफ कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही. ‘शेवट घाईत उरकलाय’ हे वाक्य मात्र पुढची कथा लिहिताना डोक्यात राहतं.