शिंदळ माकुडीची पानगळ

शिंदळ माकुडी पाहणाऱ्याची नजर आधी फुलावर जाते, आणि ते साहजिकच आहे. रुपयाच्या नाण्याएवढं पाच पाकळ्यांचं फूल, रंग गर्द किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके. नाक जवळ नेलं तर किंचित कुबट वास येतो. तो माश्यांना बोलावण्यासाठी आहे, परागीभवन त्याच करतात. फूल देखणं आहे यात वाद नाही. तरी या झाडाचं खरं सौंदर्य मला त्याच्या पानगळीत दिसतं. घरात कुंडीत ते जगवायचं असेल तर आधी ही पानगळ वाचता आली पाहिजे.

रुईच्या गोतातली ही वनस्पती, माकडशिंगाची जवळची नातलग. माकडशिंगाला पानं जवळजवळ नसतातच, नुसत्या कोनदार हिरव्या कांड्या. शिंदळ माकुडीची कांडी मात्र गोल आणि गुळगुळीत असते, आणि पावसाळा लागला की तिच्या टोकांना चांगली मांसल, लांबट पानं फुटतात. थंडी सरता सरता ती पिवळी पडून गळतात. मग उन्हाळाभर उरतात फक्त राखट हिरव्या कांड्या.

१९७७ साली लांगे आणि झुबर या संशोधकांनी या दोन रूपांमागची क्रिया दाखवून दिली. पानं इतर चारचौघा झाडांसारखी दिवसा रंध्रं उघडून हवा घेतात. पाणी भरपूर असतं तेव्हा हा मार्ग वाढीला सोयीचा. कांडी मात्र रात्री श्वास घेते. रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लरूपात साठवते आणि दिवसा रंध्रं मिटून त्यावर अन्न तयार करते. एका देहात दोन ऋतूंच्या दोन रीती! पान गळतं तेव्हा झाड मरत नसतं, आपला कारभार कांडीकडे सोपवत असतं. इतकी नेटकी रचना मी दुसऱ्या कुठल्या कुंडीत पाहिलेली नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६५ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं. पुढे शास्त्रज्ञांनी तिचं गोत्र बदललं, पण बागकामवाल्यांच्या तोंडी फ्रेरियाच राहिली. तिचं रानातलं घर महाराष्ट्राच्या सह्याद्रीत: शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड, महाबळेश्वर. तिथे ती कातळाच्या उभ्या भेगांत, गुरांचं तोंड पोचणार नाही अशा जागी तग धरून असते.

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे ही वाळवंटातली वनस्पती नव्हे. पावसाशी तिचं वैर नाही, साचलेल्या पाण्याशी आहे. उभ्या कड्यावर पाणी येतं, मुळं भिजवतं आणि निघून जातं. बाजारकुणंगसारख्या गावात ही गोष्ट फार मोलाची ठरते. जोयडा तालुक्याचा हा रानातला भाग. चार महिने भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, हवाच ओली. अशा घरात मांसल झाडं टिकत नाहीत असं लोक सहज म्हणून जातात. मला ते पटत नाही. इथल्या कुणबी शेतकऱ्यांचं कंदांचं ज्ञान पाहा. पावसात वाढू द्यायचं, वरचा वेल वाळला की जमिनीतल्या कंदाला स्वस्थ राहू द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. शिंदळ माकुडीला हेच हवं असतं, फक्त तिचा साठा जमिनीवर, कांडीत असतो.

तेव्हा कुंडी मातीची, उथळ, बुडाला मोकळं भोक असलेली. खाली बशी ठेवायची नाही, कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर टेकवायची. निम्म्याहून जास्त भरड वाळू आणि चाळून धूळ काढलेला जांभ्याचा चुरा, उरलेली माती आणि थोडं कुजलेलं शेणखत. पाणी पानांकडे पाहून द्यायचं. पानं भरात असताना, बोट खुपसून वरची दोन पेरं कोरडी लागली की भरपूर, भोकातून निथळेपर्यंत. पानं पिवळी पडू लागली की हात आखडता घ्यायचा. घात होतो तो इथेच. पानं गळाली म्हणून कळवळून लोक पाणी वाढवतात, आणि कांडी बुडापासून काळी, मऊ होऊन बसते. निष्पर्ण काळात कांडी सुरकुतली तरच घोटभर पाणी पुरे.

उजेडाचं मात्र इथे खरंच जड जातं. दाट झाडी, खाली उतरलेलं छप्पर, त्यात आषाढातलं आभाळ. काचेचं कौल बसवलेलं असेल तर त्याच्या खालची जागा उत्तम, नाहीतर पूर्वेची खिडकी, आणि वाऱ्याची वाट मोकळी. उजेड कमी पडला की कांडी बारीक, लांबुळकी होऊन झुकते. चांगल्या उजेडात ती आखूड आणि ठोसर राहते, आणि फुलं अशाच कांडीवर धरतात. पानाच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढावा.

रानातून ती कुणी उपटून आणू नये. तिची कड्यांवरची वस्ती आधीच विरळ आहे आणि रोपवाटिकेत वाढवलेलं रोप घरात जास्त चांगलं रुळतं. शिवाय एका झाडाची अनेक झाडं करणं अगदी सोपं आहे. मे महिन्यात टोकांशी हिरवे फुटवे दिसू लागले की कांडीचा वीतभर तुकडा धारदार पात्यानं कापावा, सावलीत आठवडाभर ठेवून कापलेली जागा पुरती सुकू द्यावी आणि कोरड्या भरड वाळूत आडवा टेकवावा. मुळं धरेपर्यंत फक्त हलकं शिंपडणं. एवढ्यावर तो तुकडा शेजारच्या घरी द्यायला तयार होतो.