आयर्लंडचीं कुळें आणि जळालेलें दप्तर

वंशावळ हा मुळांत थोरांचा छंद. राजे आपलें कुळ सूर्याशीं वा चंद्राशीं नेऊन भिडवितात. वतनदार आपला हक्क शाबीत करण्यासाठीं पिढ्या मोजतात. आणि आपल्याकडील कुलवृत्तान्तांच्या जाडजूड ग्रंथांतही, ज्यांच्या घरीं जपून ठेवण्याजोगे कागद होते त्यांचींच नांवें बहुधा सांपडतात. पण ज्याच्यापाशीं स्वतःची जमीन नव्हती, ज्याला अक्षरओळख नव्हती, आणि उपासमारीनें ज्याला देश सोडावा लागला, अशा माणसाच्या पणतूनें आपला पणजा कोठें शोधावा? आयर्लंडनें अलीकडच्या काळांत आंतरजालावर जीं जुनीं दप्तरें खुलीं केलीं, त्यांकडे आम्ही या प्रश्नाचें उत्तर म्हणून पाहतों. तीं केवळ नांवांचीं कोठारें नव्हत; अनेक हातांनीं लिहिलेला तो एक विस्तीर्ण ग्रंथ आहे, आणि इतर ग्रंथांप्रमाणें त्याचेंही परीक्षण झालें पाहिजे.

या ग्रंथाचीं पुष्कळ पानें नाहींशीं झालेलीं आहेत, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९२२ च्या एप्रिलांत, इंग्लंडशीं झालेला तह ज्यांना अमान्य होता अशा सैनिकांनीं डब्लिनमधील फोर कोर्ट्स ही न्यायालयांची इमारत काबीज केली. नव्या आयरिश सरकारनें जूनच्या अखेरीस तिच्यावर तोफा डागल्या, आणि ३० जून रोजीं झालेल्या स्फोटांत व आगींत तेथील सार्वजनिक दप्तरखाना भस्मसात् झाला. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या चार खानेसुमाऱ्यांचीं कुटुंबवार पत्रकें कांहीं तुटक पानांखेरीज तेथेंच गेलीं. शतकानुशतकांचीं मृत्युपत्रेंही गेलीं. तथापि सर्व दोष आगीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. १८६१ व १८७१ चीं पत्रकें सरकारी हुकुमानेंच नष्ट झालीं होतीं, आणि १८८१ व १८९१ चीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगद्यासाठीं देऊन टाकण्यांत आलीं. तोफांनीं चार खानेसुमाऱ्या नेल्या, तर कचेरींतील अनास्थेनेंही चारच नेल्या. दोघांचा हिशेब सारखाच आहे. फक्त एकीचा धूर लोकांना दिसला.

या नाशांत एक विलक्षण विपर्यासही आहे. एके काळीं राजमान्य असलेल्या प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चमधील जन्म-विवाह-मरणाच्या नोंदवह्यांना कायद्यानें सार्वजनिक दप्तराचा मान मिळाला होता. त्यामुळें निम्म्याहून अधिक वह्या सुरक्षिततेसाठीं डब्लिनला आणून ठेवल्या होत्या, आणि त्याच जळाल्या. कॅथॉलिक प्रजेच्या वह्यांना तो मान कधींच मिळाला नव्हता. त्या गांवोगांवच्या धर्मगुरूंच्या घरीं, फडताळांत पडून राहिल्या, आणि म्हणूनच वांचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें त्यांचीं छायाचित्रें २०१५ सालीं आंतरजालावर विनामूल्य खुलीं केलीं. सरकारनें ज्यांना आपलें मानलें नाहीं, त्यांचीच आठवण शेवटीं अधिक शाबूत राहिली.

आतां जें उरलें आहे तें वाचतांना एक प्रश्न सतत मनांत ठेवला पाहिजे: हें लिहिणारा कोण, आणि तो कशासाठीं लिहीत होता? ग्रिफिथ यांच्या देखरेखीखालीं १८४७ ते १८६४ या वर्षांत झालेल्या मूल्यांकनांत घराघराची व शेताशेताची नोंद आहे. तींत धारकाचें नांव, त्याच्यावरच्या मालकाचें नांव, क्षेत्रफळ आणि किंमत एवढें मिळतें. पण हा लेखक करआकारणी करणारा आहे. त्याला घर दिसतें, घरांतलीं माणसें दिसत नाहींत. बायकोमुलांचा तेथें उल्लेखही नाहीं. शिवाय हें काम दुष्काळाच्या ऐन भरांत सुरू झालें. १८४१ सालीं आयर्लंडची लोकवस्ती सुमारें ८२ लाख होती, ती १८५१ सालीं सुमारें ६५ लाखांवर आली. ग्रिफिथच्या पानांवर ज्याचें नांव नाहीं, तो कदाचित् मेला असेल, कदाचित् अमेरिकेच्या जहाजावर चढला असेल, किंवा नुसता दुसऱ्याच्या झोंपडींत आश्रयाला राहिला असेल. पानावरून यांतलें काय झालें तें सांगतां येत नाहीं.

धर्मगुरूची वही याहून उदार आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदींत बापाबरोबर आईचें नांव येतें, बहुधा माहेरच्या आडनांवासह येतें, आणि धर्मपिता व धर्ममाता यांचींही नांवें येतात. त्यामुळें एका ओळींत दोन कुळें व दोन शेजारी भेटतात. पण ती वही पुष्कळदां लॅटिनमध्यें आहे. घरांत ज्याला आयरिश भाषेंत दियार्मिद म्हणत, तो इंग्रजी कागदांत जेरेमाया होतो. जेम्स लॅटिनमध्यें याकोबुस होतो. आडनांवांमागचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधीं गळतात, कधीं पुन्हां येतात. जो संशोधक एकाच लेखनाला चिकटून बसतो, त्याला आपला पूर्वज तीन निरनिराळीं माणसें म्हणून भेटतो, किंवा भेटतच नाहीं.

१८६४ पासून सर्वांच्या जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. येथें तरी तारीख विश्वसनीय असेल असें वाटतें. पण उशिरा नोंद करणाऱ्यास दंड होता. म्हणून कित्येक बापांनीं जन्मतारीखच पुढें ढकलली, आणि आज चर्चची वही व सरकारी वही शेजारीं ठेवली म्हणजे मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या जन्माआधीं झालेला दिसतो! वयाचेंही तसेंच. १९०१ व १९११ या दोन खानेसुमाऱ्या संपूर्ण उपलब्ध आहेत, आणि त्यांची तुलना केली तर दहा वर्षांत पंधरा-सोळा वर्षांनीं वाढलेलीं माणसें आढळतात. यामागें निवळ लबाडी नव्हती. १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरिबांना निवृत्तिवेतन मिळूं लागलें, आणि सत्तर वर्षांपूर्वीं जन्मनोंदच नव्हती. मग म्हातारीं माणसें ६ जानेवारी १८३९ च्या भयंकर वादळाची आठवण पुरावा म्हणून सांगूं लागलीं. इतरांनीं १८४१ व १८५१ च्या पत्रकांत आपलीं नांवें शोधून मागितलीं. त्या शोधाच्या चिठ्ठ्या शिल्लक आहेत, आणि मूळ पत्रकें जळाल्यावर त्यांतील कित्येक कुटुंबांची स्मृति आज त्या चिठ्ठ्यांवरच उभी आहे.

पण या सर्व साहित्यांत आम्हांला सर्वांत मोलाचें वाटतें तें १९११ चें कुटुंबपत्रक. तें कुटुंबप्रमुखानें स्वतः भरावयाचें होतें. ज्याला लिहितां येत नसे त्याचें पोलिसानें भरावयाचें. पुढें १९१६ च्या उठावाचा पुढारी झालेला पॅट्रिक पीअर्स यानें आपलें पत्रक आयरिश भाषेंत भरलें. त्याच पत्रकांत विवाहित स्त्रियांस विचारलें होतें: लग्नाला किती वर्षें झालीं, मुलें किती झालीं, आणि त्यांपैकीं हयात किती? तिसरा आंकडा दुसऱ्याहून लहान असतो, तेव्हां त्या दोहोंमधल्या वजाबाकींत एका आईचें आयुष्य वाचतां येतें. हा प्रश्न विधवांसाठीं नव्हता. तरी कांहीं विधवांनीं उत्तर दिलेलें आणि तें नंतर रेघ मारून खोडलेलें दिसतें. विचारलें नसतांही त्यांनीं आपल्या मुलांचा हिशेब दिला. कोणत्याही कादंबरीनें हेवा करावा असा हा तपशील आहे.

येथेंच आंतरजालाच्या सोयीचा दोषही नजरेस येतो. शोधपेटींत नांव घातलें कीं यादी येते, आणि यादीच सत्य आहे असा भ्रम होतो. ती यादी कोणीतरी जुनें अक्षर वाचून केलेली असते; तींत चुका असतात, आणि खोडलेली ओळ, समासांतली टीप, अक्षराचें वळण तींत बहुधा येत नाहीं. म्हणून मूळ पानाचें छायाचित्र उघडल्यावांचून कोणाही पूर्वजाचा स्वीकार करूं नये, असें आमचें मत आहे. दुसरें असें कीं, आयर्लंडांत एकाच नांवाआडनांवाचीं माणसें गांवोगांव आहेत. ‘टाउनलँड’ म्हणजे वाडीचें नांव ठाऊक नसेल, तर यादींतला पहिला मर्फी हा आपलाच पणजा असें मानण्याचा मोह अनावर होतो. पैसे घेऊन तयार वंशवृक्ष दाखविणाऱ्या कंपन्या हा मोह वाढवितात. एकाची चूक दुसरा उतरून घेतो, आणि शंभर वृक्षांवर एकच खोटें फळ लागतें. उलट, डब्लिनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानें या दोन्ही खानेसुमाऱ्या कोणालाही फी न घेतां पाहूं दिल्या, ही गोष्ट आम्ही निःसंशय थोर मानतों. जो देश सोडून गेला त्याच्या वंशजाकडून प्रवेशमूल्य घेणें शोभलें नसतें.

या धाग्याचें एक टोंक आपल्याही भूमींत आहे. गरिबीमुळें पुष्कळ आयरिश तरुण कंपनीच्या व पुढें राणीच्या पलटणींत भरती झाले, आणि त्यांतले कित्येक मुंबई इलाख्याच्या छावण्यांत आले. त्यांचे बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांच्या नोंदींच्या प्रती इलाख्यांतून लंडनला पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. मायदेशीं ज्याचा कागद जळाला, अशा एखाद्या शिपायाची ओळ अशा रीतीनें परक्या देशाच्या बाडांत शिल्लक राहते.

इतरत्र उरलेल्या प्रती गोळा करून जळालेला दप्तरखाना पुन्हां उभारावा, या कल्पनेवरच डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकारानें आंतरजालावरचा नवा दप्तरखाना सुरू झाला. आगीला शंभर वर्षें पुरीं होत असतांना, २०२२ च्या जूनमध्यें, तो लोकांस खुला करण्यांत आला. त्यानें गेलेलें सर्व परत येणार नाहीं, आणि तसा दावाही कोणी करूं नये. पण ज्यांना इतिहासानें कधीं विचारलें नाहीं, अशा शेतमजुरांना, मोलकरणींना आणि विधवांना येथें नांव मिळालें आहे. तें नांव सावकाश, शंका घेत, मूळ पानावर बोट ठेवून वाचणें हें वाचकाचें कर्तव्य होय. एवढें केलें तर वंशावळ हा थोरांचा छंद न राहतां सामान्यांचा इतिहास होईल.