पवित्र प्रभाकर : महानायकाची पर्यायी रूपे आणि चाहत्याची निष्ठा

प्रस्तावना :
चित्रकथेतील महानायकावर लहानपणापासून प्रेम करणाऱ्या वाचकापुढे त्याच नायकाचे दुसरे रूप ठेवले, तर तो ते स्वीकारतो की नाकारतो, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीच्या क्षेत्रातला वाटतो. वस्तुतः मूळ संहिता आणि तिची रूपांतरे यांच्या नात्याचा तो प्रश्न आहे, म्हणूनच साहित्यसमीक्षेने त्याची दखल घ्यावयास हवी. प्रस्तुत लेखात स्पायडरमॅन या नायकाच्या भारतीय रूपाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या पवित्र प्रभाकर या व्यक्तिरेखेचा, या दृष्टीने विचार केला आहे.

मूळ रूप आणि २००४ चे रूपांतर :
स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये निर्माण केलेला पीटर पार्कर हा न्यूयॉर्कमधील सामान्य घरातला विद्यार्थी. किरणोत्सर्गी कोळी चावल्याने त्याला शक्ती लाभते. एका चोराला तो निष्काळजीपणे जाऊ देतो आणि पुढे तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. सामर्थ्यासोबत जबाबदारी येते, हे या कथेचे नैतिक सूत्र आहे.

२००४ मध्ये गॉथम कॉमिक्सने मार्व्हलच्या सहकार्याने ही कथा भारतात आणली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांची ही चित्रकथा चार अंकांची होती. तीत पीटरचा पवित्र झाला, मे काकूंची माया, बेन काकांचा भीम, तर मेरी जेनची मीरा जैन झाली. नॉर्मन ऑस्बॉर्न हा नलिन ओबेरॉय बनला. नायकाच्या वेशात धोतरासारखे वस्त्र आले. नादसाम्यावर बेतलेल्या या नामांतराची मर्यादा मराठी वाचकाच्या चटकन लक्षात येते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या आपल्या प्रघातानुसार 'पवित्र प्रभाकर' हे प्रभाकररावांच्या मुलाचे अर्धे नाव वाटते. पुढे आडनाव यावे, अशी अपेक्षा निर्माण होते आणि ती अपुरीच राहते.

याहून गंभीर बदल शक्तीच्या उगमात आहे. पवित्रला कोळी चावत नाही, एक योगी त्याला शक्ती प्रदान करतो. पीटरच्या बाबतीत सारा योगायोग होता. कोळी कोणालाही चावू शकला असता, म्हणूनच कोणताही वाचक स्वतःला त्याच्या जागी कल्पू शकत होता. योग्याने निवडलेला नायक मात्र आरंभापासूनच विशेष ठरतो. भारतीयत्व म्हणजे अध्यात्म आणि गूढता, हे परकीय नजरेला सोयीचे समीकरण येथे स्वीकारलेले दिसते. त्यामुळे मूळ कथेतील लोकशाही आशय दुबळा होतो.

तथापि या रूपांतराची एक जमेची बाजू नजरेआड करता येत नाही. पवित्र हा खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला मुलगा आहे. गुंडांनी घेरलेल्या स्त्रीच्या मदतीला तो जात नाही, भीमकाका जातात आणि प्राण गमावतात. येथे अपराधाचे स्वरूप मूळ कथेपेक्षा अधिक थेट आहे. बघ्याची उदासीनता हा आपल्या शहरांचा ओळखीचा दोष या प्रसंगात नेमका पकडला गेला आहे.

२०२३ चे रूप :
जून २०२३ मध्ये 'स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा चलच्चित्रपट भारतात मराठीसह १० भाषांत प्रदर्शित झाला. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या 'मुंबॅटन' नगरीत पवित्र पुन्हा अवतरतो. आता तो आत्मविश्वासू, विनोदी आणि शहरात मुरलेला आहे. परकीयांच्या अज्ञानावर तो हसतो. दृश्यवैभव मोठे आहे, परंतु खेड्यातून आलेल्या मुलाचे ओझे या रूपातून जवळजवळ नाहीसे झाले आहे.

या चित्रपटाचा खरा विषय मात्र चाहत्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात ठरावीक दुःखद घटना घडल्याच पाहिजेत, असा मिगेल ओहारा याचा आग्रह आहे. माइल्स मोरालेस पवित्रच्या प्रेयसीच्या पोलीस अधिकारी वडिलांना वाचवतो. त्यामुळे ठरलेली घटना चुकते आणि ते विश्व ढासळू लागते, असे सांगितले जाते. मिगेलच्या रूपाने येथे कर्मठ चाहताच उभा केला आहे, असे म्हणता येईल. कथा माहीत आहे तशीच घडावी, यासाठी तो एका माणसाचा मृत्यूही मान्य करतो. माइल्सची निष्ठा मात्र घटनाक्रमापेक्षा नायकाच्या मूल्याशी आहे. जीव वाचवता येत असेल तर तो वाचवावा, हेच ते मूल्य होय.

मराठी परंपरेचा दाखला :
पर्यायी रूपे मराठी रसिकाला नवी नाहीत. मोरोपंतांची ख्याती १०८ रामायणांचे कर्ते अशी आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधील कर्ण आणि इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मधील कर्ण एकमेकांशी जुळत नाहीत, तरीही दोन्ही पुस्तके आदराने वाचली जातात. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेलाही २०१७ च्या चित्रपटात वयाने वाढवण्यात आले. शाळकरी वय गेल्याची हळहळ वाटणे स्वाभाविक असले, तरी अन्यायाचा छडा लावण्याची त्याची वृत्ती तेथे टिकली आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष :
चाहत्याच्या दोन प्रतिक्रिया सहज आढळतात. 'हा खरा नायक नव्हे' ही एक आणि 'अखेर आपला नायक आला' ही दुसरी. पहिली मुळाला गोठवते, तर दुसरी केवळ नावाने आणि पोशाखाने समाधान पावते. पवित्र प्रभाकरचे मोजमाप तिसऱ्या कसोटीवर व्हावयास हवे. नव्या भूमीत आल्यावर नायकापुढे त्या भूमीचा खरा प्रश्न उभा राहिला काय? मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावातून शिक्षणासाठी मुंबईला जाणाऱ्या विद्यार्थ्याला २००४ च्या सदोष रूपात स्वतःची पुसट ओळख सापडू शकते. २०२३ च्या देखण्या रूपात ती सापडणे अवघड आहे. ती ओळख ठळक करणारे रूप अद्याप लिहिले जावयाचे आहे, आणि ते मागण्याचा अधिकार निष्ठावान चाहत्याला निश्चितच आहे.